सव्वाआठ फूट

गावाच्या नकाशावर पायवाट एका तुटक रेषेने दाखवलेली असते आणि गाडीवाट दोन तुटक रेषांनी. पायवाटेची रुंदी सव्वाआठ फूट धरायची, गाडीवाटेची साडेसोळापासून २१ फुटांपर्यंत. नवख्या माणसाला हे आकडे विचित्र वाटतात, पण त्यांच्यामागे साखळीचा हिशोब आहे. मोजणीची जुनी साखळी ३३ फुटांची. तिचे १६ आणे. चार आणे म्हणजे सव्वाआठ फूट, आठ आणे म्हणजे साडेसोळा. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद तुकडा भरला की एक गुंठा. चार आण्यांच्या वाटेवरून डोईवर भारा घेतलेली बाई समोरून येणाऱ्या बैलाला बाजू देऊन निवांत जाऊ शकते.

मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होतो. ३१ वर्षांच्या नोकरीतली बरीचशी भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांत गेली. साखळी आणि फलकयंत्रावर काम शिकलो, निवृत्त होताना हातात उपग्रहावरून मोजणी करणारा रोव्हर होता. वेल्ह्याला आता सरकारदरबारी राजगड तालुका म्हणायचं ठरलं आहे, पण माझ्या तोंडात वेल्हेच बसलंय, म्हणून तसंच लिहितो.

या भागात पर्यटन वाढवायचं म्हटलं की आराखड्यात त्याच त्या गोष्टी येतात. कमान, बाग, वाहनतळ, दरीवर प्रेक्षागॅलरी, सिमेंटची बाकं. राजगडाच्या रोपवेची चर्चाही अधूनमधून उठते. माझं म्हणणं असं की इथली सार्वजनिक बाग नव्याने बांधायचीच नाही. ती आहे. गावातून गडावर, वाडीतून डोहावर, शिवेवरून देवराईत, खिंडीतून कोकणात जाणाऱ्या वाटा, आणि त्या जिथे पोचतात त्या जागा, ही आमची बाग. ती डोळ्यांदेखत तारेच्या कुंपणाआड चालली आहे. आधी तिची मोजणी करा, खांब रोवा, दप्तरात नोंद घ्या. कमानी नंतर बघू.

बाग या शब्दाला मी नावं ठेवत नाही. माझं लहानपण नसरापूरच्या आसपास गेलं, आणि शाळेची सहल म्हणजे बनेश्वर. नानासाहेब पेशव्यांनी १७४९ साली बांधलेलं शंकराचं देऊळ, कुंडात मासे आणि कासवं, मागे वनखात्याने राखलेलं बन आणि त्यात शिवगंगेचं कोसळतं पाणी. चार वर्षं ओळीने तिथेच नेलं आम्हाला, आणि चारही वर्षं आदल्या रात्री झोप लागली नाही. चैत्रातसुद्धा त्या झाडांखाली शिरलं की मानेवरचा घाम गार व्हायचा. पुण्याहून गाडी करून आलेलं कुटुंब आणि आमच्या आळीतली माणसं एकाच सावलीत डबे उघडून बसायची, एकमेकांना लोणचं द्यायची. ‘सार्वजनिक’ या शब्दाचा अर्थ मला तिथे कळला. बनेश्वर टिकलं, कारण ते बन सरकारी. त्याला हद्द आहे, राखणदार आहे. पण दोन तालुक्यांत अशा जागा बोटांवर मोजण्याइतक्या. बाकीचा सगळा पसारा वाटांवर उभा आहे आणि वाटेला राखणदार नसतो.

एक मोजणी माझ्या मनातून जात नाही. वीसेक वर्षं झाली असतील. एका धरणाच्या वरच्या अंगाचं गाव, नाव लिहीत नाही. १२ एकरांचा एक गट शहरातल्या मालकाने घेतला होता आणि त्यांना हद्द कायम करून हवी होती. वरच्या कडेला गायरान, खालच्या कडेला ओढा. दिवसभरात कोपरे काढले, दगड रोवले, त्यांना चुना लावला, लगतधारकांच्या सह्या घेतल्या, पंचनामा लिहिला. त्या गटाच्या मधून एक तुटक रेषा जात होती, वाडीच्या चिंचेपासून ओढ्याच्या डोहापर्यंत. नकाशात होती आणि जमिनीवरही होती. गवत मरून पांढरी पडलेली हातभर वाट, उतार जिथे तीव्र होता तिथे कुणीतरी बसवलेले तीन दगड, मधे मधे पायाने घासून गुळगुळीत झालेले. अर्ज हद्दीचा होता, वाट दाखवा असं त्यात लिहिलेलं नव्हतं. मी मोजणीच्या नकाशावर वाट उतरवली नाही. त्या दिवशी मला ती चूकही वाटली नाही.

सामान आवरत होतो तेव्हा डोहावरून एक म्हातारी वर आली. डोक्यावर धुण्याची पाटी, पदर खोचलेला. चुना लावलेल्या दगडापाशी थांबली.

“मोजणी झाली न्हवं, भाऊसाहेब?”

“झाली, आजी.”

“मंग आमची वाट कुठं धरली?”

मी म्हणालो, वाट आहे तिथेच आहे, तिला कोण हात लावतंय. आठ महिन्यांनी शेजारच्या गटाच्या मोजणीला गेलो तेव्हा सिमेंटचे खांब उभे होते आणि त्यांना पाच पदरी काटेरी तार. डोहावर जायचं तर वाडीला गायरानावरून मोठा वळसा पडत होता. तक्रार घेऊन गेलेल्या माणसांना मालकाकडून एक नकाशा दाखवला जाई. त्यावर माझी सही होती आणि वाट नव्हती.

आठ महिने मी मुद्दाम लिहिले. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ सालचा. त्याच्या कलम ५ खाली वहिवाटीची वाट अडवली तर तहसीलदार अडथळा काढायचा हुकूम देऊ शकतात, पण दावा वाट अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो. भातलावणी, कापणी, झोडणी यांतून मोकळं होऊन कुणी तालुक्याला जायचं म्हणेपर्यंत सहा महिने उलटलेले असतात. दुसरं कलम जमीन महसूल संहितेचं, १४३ वं. ते बांधावरून शेतकऱ्याला स्वतःच्या शेतात पोचवतं. दोन्ही कलमं चांगली आहेत, माझ्या नोकरीत त्यांनी कितीतरी भांडणं मिटवली. पण दोन्हींच्या डोळ्यांसमोर शेत आहे. डोहावर पोहायला निघालेलं पोर, देवराईत नैवेद्य घेऊन निघालेली बाई, गडावर निघालेला पाहुणा यांना त्यांचा आधार तोकडा पडतो.

त्याच संहितेत आणखी एक कलम आहे आणि ते कुणी वाचत नाही याचं मला फार वाईट वाटतं. १९६६ च्या संहितेचं कलम १६५, वाजिब-उल-अर्ज. गावात खाजगी जमिनीतून जाण्यायेण्याची जी वहिवाट आहे, पाणी घ्यायचे, मासे धरायचे जे रिवाज आहेत, ते जिल्हाधिकाऱ्यांनी चौकशी करून लिहून काढायचे आणि प्रसिद्ध करायचे, असं ते सांगतं. विदर्भात मध्य प्रांताच्या काळापासून हे दप्तर लोकांच्या ओळखीचं. कलम मात्र साऱ्या राज्याला लागू आहे. ३१ वर्षांत भोर किंवा वेल्ह्याच्या एकाही गावाचं वाजिब-उल-अर्ज माझ्या हाताखालून गेलं नाही. बागेचा दस्त करायचा कागद कायद्याने कधीच देऊन ठेवला आहे, आणि आपण तो कोरा ठेवला आहे.

भाटघरच्या काठाला जाऊन बघा म्हणजे माझी घाई कळेल. धरण १९२८ सालचं. पाणी नीरेच्या कालव्यांतून बारामती, इंदापूर, फलटणच्या बाजूला जातं आणि काठ आमच्याकडे राहतो. उन्हाळ्यात पाणी मागे सरकतं, गाळपेरीच्या जमिनी उघड्या पडतात, कांबरे गावच्या कांबरेश्वराचं देऊळ पाण्याबाहेर येतं. वर्षातले दहा महिने बुडालेला देव मे महिन्यात कोरड्या पायांनी भेटतो, त्याचं आमच्या माणसांना केवढं अप्रूप. पोरं गाळात क्रिकेटच्या यष्ट्या रोवतात, माहेरवाशिणी लेकरांना घेऊन येतात. कुणी आराखडा न करता झालेली ही बाग आहे. पण काठालगतच्या जमिनी आता पाणी दिसतं म्हणून विकल्या जातात. जिथे बैल पाण्यावर जायचे तिथे लोखंडी फाटक, फाटकावर पाटी, पाटीवर कुत्र्यांपासून सावध राहायचा इशारा. पाण्याखालची जागा सरकारची आणि तिथे पोचायची वाट खाजगी, अशी स्थिती झाली. पानशेत-वरसगावच्या काठानेही हेच चाललंय. जमीन विकणाऱ्या शेतकऱ्याला मी दोष देणार नाही. मुलीचं लग्न, मुलाचं शिक्षण, आजारपण, यांतलं काहीतरी असतंच. तो गट विकतो, आणि गटाबरोबर गावाची वाटही नकळत जाते, कारण सातबाऱ्याच्या इतर हक्कांत तिचा उल्लेख नसतो.

गडांचं म्हणाल तर जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान दिला. त्यात राजगड आहे. बातमी आली तेव्हा मी एकटाच घराच्या गच्चीवर जाऊन बालेकिल्ल्याकडे तोंड करून उभा राहिलो होतो. शिवरायांनी जिथे जवळजवळ पाव शतक राजधानी केली तो गड साऱ्या जगाचा झाला. पण गुंजवण्यातून चोरदरवाजाकडे किंवा पालीहून पाली दरवाजाकडे निघालेल्या माणसाला गडाची पायरी लागण्याआधी कुणाच्या तरी शिवारातून जावं लागतं. वरची तटबंदी नकाशावर पक्की आहे. पायथ्याची वाट वहिवाटीच्या भरवशावर आहे.

माझी सगळ्यांत आवडती वाट राजगडाहून तोरण्याची. संजीवनी माचीच्या अळू दरवाजातून उतरायचं आणि डोंगराच्या सोंडेसोंडेने चालत तोरण्याच्या बुधला माचीवर चढायचं. एका हाताला गुंजवणी आणि कानंदीची खोरी, दुसऱ्या हाताला वेळवंडीचं. गुंजण मावळ आणि भोरकडचा मुलूख यांची पाठ एकमेकींना टेकलेली आहे ती या सोंडेवर. कार्तिकात गवत कमरेएवढं आणि पिवळंजर्द होतं, वारा सुटला की सबंध धार हलल्यासारखी वाटते. खाली भाताच्या खाचरांतून धूर सरळ वर येतो. पाहणीच्या निमित्ताने मी ती पाच वेळा चाललो आणि निवृत्तीनंतर एकदा, नातीला घेऊन. तोरण्याची चढण, साधारण १४०० मीटर उंचीचा गड तो, तिने माझ्या आधी संपवली.

पश्चिमेला केळदजवळ मढे घाट आहे, त्याच्या शेजारी उपांड्या. खाली कोकणात कर्णवडी. सिंहगडावर १६७० मध्ये तानाजी मालुसरे पडले, त्यांचा देह उमरठ्याला याच वाटेने नेला, असं लोक सांगतात आणि घाटाच्या नावाचा तोच अर्थ लावतात. मीठ, मासळी, सोयरीक, सगळं या वाटांनी चढलं-उतरलं. पावसाळ्यात आता तिथल्या धबधब्यावर एवढी गर्दी होते की केळदच्या माणसाला आपल्याच रस्त्यावर गुरं काढता येत नाहीत.

इथे शेतकऱ्याची बाजू सांगितलीच पाहिजे, कारण कुंपण घालणारे सगळे शहरातले नाहीत. शनिवार-रविवारी ५०-६० जणांचा जथा लावणी केलेल्या खाचराच्या बांधावरून जातो, बांध फुटतो, पाणी निघून जातं. दारूची बाटली फुटून काच चिखलात राहते आणि आषाढात लावणी करणाऱ्या बाईचा पाय कापतो. हे मी पाहिलंय. असा पाय गुंडाळायला माझ्या बॅगेतली पट्टी गेली आहे. तो शेतकरी चिडून काट्या टाकतो, तर त्याचं काय चुकलं? पण नोंदलेली वाट त्याच्याच कामाची आहे. सव्वाआठ फुटांच्या दोन्ही कडांना खुणेचे दगड असले की आत चालणाऱ्याचा हक्क आणि बाहेर पाय टाकणाऱ्याची चूक, दोन्ही स्पष्ट होतात. आज खुणा नाहीत, म्हणून चांगला पाहुणाही चुकतो आणि वाईट पाहुण्याला बोलता येत नाही. तारेत एक कवाडी ठेवली, माणूस जाईल आणि गुरं शिरणार नाहीत अशी, तर भांडणाचं कारणच उरत नाही.

वाटांचं हे भांडण इंग्लंडातही झालं आहे. मँचेस्टरच्या गिरणी कामगारांना १९३२ साली रविवारी डोंगरावर फिरायला जायचं होतं. डोंगर जमीनदारांच्या शिकारीसाठी राखलेले. ते किंडर स्काउट नावाच्या पठारावर शिरले, पाच जण तुरुंगात गेले. १९४९ मध्ये तिथे कायदा झाला आणि परगण्यांनी आपापल्या पायवाटांचा पक्का नकाशा करायचा असं ठरलं. तो नकाशा करताना गावच्या पंचायती नोंदवही घेऊन वाटा चालल्या. नॉर्वेने १९५७ च्या कायद्याने पडीक रानात पायी हिंडायचा सगळ्यांचा हक्क पक्का केला. इंग्लंडात वाटांचे पक्के नकाशे नव्हते, करावे लागले. आपल्याकडे तुटक रेषा असलेले गावनकाशे कधीपासून दप्तरात आहेत.

काम मोठं नाही. मी केलंय, म्हणून सांगतो. गावनकाशाची प्रत अर्ज करून मिळते. ग्रामसभेने ती पसरायची आणि म्हाताऱ्या माणसांना बोलवायचं. नकाशावर असलेल्या पण जमिनीवर बुजलेल्या वाटा तेच सांगतील, आणि जमिनीवर असलेल्या पण गटयोजनेच्या वेळी नकाशातून राहून गेलेल्याही. मग तलाठी, भूकरमापक आणि गावकरी यांनी शिवारफेरी करायची. रोव्हरने एका दिवसात एका वाडीच्या वाटा सहज होतात. साखळीच्या काळात मला आठवडा लागला असता. मग खुणेचे दगड, इतर हक्कांत नोंद, वाजिब-उल-अर्जात नाव. जिल्ह्याच्या पर्यटनाच्या निधीतून पहिला खर्च यावर व्हावा. एका कमानीच्या पैशांत किती गावांच्या वाटांना दगड लागतील, याचा अंदाज कुठल्याही गवंड्याला विचारा.

वाट पक्की झाली की राखण आपोआप गावाच्या हाती येते. साताऱ्याच्या कास पठारावर दिवसाला ३००० माणसांची मर्यादा आहे, शुल्क आहे, आणि व्यवस्था पाहतात त्या भोवतालच्या गावांच्या वन समित्या. मढे घाटाला, राजगडाच्या पायथ्याला हे का होऊ नये? आज पाऊस लागला की बंदीचे आदेश निघतात. भुशी धरणाजवळ ३० जून २०२४ ला एका कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, त्यानंतर तर प्रशासनाला दुसरं काही सुचणंही कठीण. पण बंदी रविवारी येणाऱ्याला लागते तशी तिथे राहणाऱ्यालाही लागते. कुठल्या खडकावर शेवाळ धरतं, कुठल्या डोहात भोवरा आहे, पाणी कुठल्या दगडाला लागलं की मागे फिरायचं, हे गावातल्या पोरांना पाठ असतं. गडावर कुणी अडकलं की दोर घेऊन आधी तीच धावतात. त्यांना वाटेचे राखणदार नेमा, पगार द्या. बंदीच्या पाटीने जेवढा जीव वाचेल त्याहून जास्त त्यांच्या हाकेने वाचेल, याची मला खात्री आहे.

काही जण मला म्हणतात, वाटा कुणाला हव्यात आता? नळ आले, गॅस आला, घरोघरी मोटारसायकल आली. मागच्या महिन्यात मी त्या वाडीत जाऊन आलो. आजी केव्हाच गेल्या. त्यांच्या सुनेने पाणी दिलं, चहा केला. अंगणात नळ आहे, धुण्यासाठी डोहावर जायचं कारण उरलेलं नाही. वाडीत शाळेत जाणारी ११ मुलं आहेत. मी विचारलं, पोहता कुणाकुणाला येतं? दोघांनी हात वर केले. तेही शिकले ते धरणाच्या काठाला, जिथे पाय गाळात गुडघाभर रुततो आणि कुठे खोल आहे ते कळत नाही. त्यांच्या आज्या-आजोबांनी ज्या स्वच्छ, खडकाळ, कमरेएवढ्या पाण्यात हातपाय मारायला शिकून घेतलं, तो डोह हाकेच्या अंतरावर आहे आणि त्यांतल्या एकानेही तो पाहिलेला नाही.

गावनकाशाची प्रत मी ग्रामपंचायतीत दिली आहे. तुटक रेषा तांबड्या शाईने ठळक केली. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत उभा राहून सांगणार आहे की माझ्या मोजणीत ही वाट दाखवायची राहिली आणि ते राहणं माझं होतं. तसं सहीनिशी लिहूनही देणार आहे. वाडीत गेलो त्या दिवशी आजींच्या सुनेच्या धाकट्या मुलाला टेपचं एक टोक धरायला दिलं होतं. तारेच्या अलीकडून जेवढं मोजता आलं तेवढं मोजलं, पलीकडचं नकाशावरून काढलं. चिंचेपासून डोहापर्यंत वाट २१ साखळ्या आणि सहा आणे भरते.